व्यासांची अट

(लिंबागणेश येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय काय ठरलाय, असं मी संयोजकांना फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, यंदा विषय पोरांनी दिलाय. मोबाईलमध्ये नोट्स कशा काढायच्या." मी म्हटलं, "अहो, मी मराठीचा मास्तर. कॉम्प्युटरवाला कुणीतरी बोलवा." तर म्हणाले, "कॉम्प्युटरवाला ॲप कसं उघडायचं ते सांगतो. ते पोरांना तुमच्या-माझ्यापेक्षा बरं येतंय. उघडल्यावर लिहायचं काय, ते तुम्ही सांगा." आता यावर काय बोलणार? आलो.

अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला आलो, पाटोद्याच्या रस्त्याला लागलो आणि आधी देवळात जाऊन आलो. लिंबागणेशात लिहिण्यावर बोलायचं आणि गणपतीला विचारायचं नाही, हे बरं दिसलं नसतं. लिहून घेण्याची आपल्याकडची सगळ्यांत गाजलेली गोष्ट याच देवाची आहे. व्यासांना महाभारत सांगायचं होतं, लिहून घेणारा हवा होता. गणपती म्हणाला, लिहितो, पण माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. ही अट पोराटोरांना माहीत असते. व्यासांनी उलट घातलेली अट मात्र आपण सांगताना घाईत उरकतो. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर उमटवायचं नाही. मग ते मधूनच एखादा गाठीचा श्लोक टाकायचे. देव त्या गाठीशी क्षणभर अडायचा, तेवढ्यात व्यास पुढचं जुळवून घ्यायचे.

इथे एक कबुली देऊन टाकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ ते १९६६ इतकी वर्षं ते काम चाललं. ठिकठिकाणची हस्तलिखितं समोरासमोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली. त्या कसोटीत ही गोष्ट मूळ संहितेत टिकली नाही, ती परिशिष्टात गेली. म्हणजे मागाहून कुणीतरी घातलेली. गणपतीच्या गावात उभा राहून हे बोलतोय, सांभाळून घ्या. पण मला त्यामुळे ती जास्तच आवडते. पोथ्या उतरवून उतरवून बोटं आखडलेल्या कुणा लेखकूला ती सुचली असणार. न कळता उतरवणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

खिशातला फोन न थांबता लिहून घेतो. फोटो द्या, आवाज द्या, अडीचशे पानांची पीडीएफ द्या, यूट्यूबची लिंक द्या, तो नाही म्हणत नाही. आणि कळलं का, हेही विचारत नाही. व्यासांची अट आपली आपणच घालून घ्यायची. आज मी बोलणार आहे ते एवढ्याचबद्दल.

आता ही वही पाहा. मागच्यांना दिसावी म्हणून उंच धरतो. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या घरच्यांनी ती मला महिनाभर वाचायला दिली, आज परत करायची आहे. लांबट आकाराची, दोनशे पानी, पुठ्ठ्याला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. गुरुजी लिहायचे ते फक्त डाव्या पानावर. उजवं पान कोरं सोडायचे. वरच्या कोपऱ्यात तारीख, समासात एका शब्दात विषय: पाऊस, शाळा, उसने, औषध. पहिल्या दोन पानांवर त्या शब्दांची सूची आणि पुढे पानांचे आकडे. हे सगळं साध्या निळ्या शाईत.

१९७२च्या दुष्काळातलं एक पान आहे. बाया-माणसं पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला. पोरं शाळेत, आणि शाळेत खायला सुकडी. डाव्या पानावर आठवडाभराचा हिशोब आहे: हजर किती, सुकडी आली किती, वाटली किती. समोरच्या उजव्या पानावर दुसऱ्या शाईत, पुढच्या वर्षीची तारीख टाकून एकच ओळ: "हजेरी वाढली ती सुकडीमुळे. शिकवण्यामुळे नव्हे."

ही ओळ त्या आठवड्यात लिहिता आली नसती. वर्षानं परत त्या पानावर यावं लागलं, समोर कोरी जागा असावी लागली. आपल्या फोनमध्ये डावी पानं हजारो आहेत. उजवं पान नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतल्या एका घरची मुलगी फोन घेऊन आली. राज्यसेवेचा अभ्यास करते. म्हणाली, "सर, नोट्स खूप झाल्यात, पण काही सापडत नाही." मी फोन बघितला. अडीच हजारांवर स्क्रीनशॉट. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ. नोट्सच्या ॲपमध्ये "Untitled" नव्हे, तर त्याचंच मराठी भावंड "नवीन नोंद", असं नाव असलेल्या चाळीस-पन्नास नोंदी. त्यांतली एक आम्ही उघडली. विषय पंचायत राज. कुठल्याशा गाइडमधल्या अकरा ओळी जशाच्या तशा चिकटवलेल्या होत्या. मी फोन पालथा ठेवायला सांगितलं आणि विचारलं, यात काय होतं? ती म्हणाली, "समित्या होत्या." कुठल्या? "बलवंतराय मेहता. आणि... नाईक." दोघांत फरक काय? गप्प.

मग आम्ही त्या एका नोंदीला पाऊण तास दिला. शीर्षक बदललं. "पंचायत राज" काढलं आणि प्रश्न लिहिला: "मेहता समिती आणि नाईक समिती यांचं कुठे पटलं नाही?" खाली तिच्याच शब्दांत चार ओळी आल्या. मेहता समिती १९५७ची, दिल्लीची. तिचा भर गटावर, म्हणजे आपल्या भाषेत पंचायत समितीवर. वसंतराव नाईक समिती राज्याची; तिनं जिल्हा परिषदेला बळ द्यायला सांगितलं. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या त्या नाईकांच्या मार्गानं. म्हणून आपल्याकडे आजही लोक काम घेऊन झेडपीत जातात. ही शेवटची ओळ कुठल्याही गाइडात नव्हती. ती तिची होती, घरात ऐकलेल्या बोलण्यातून आलेली. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता हे विसरणार नाही." विसरेलही, पण विसरली तर प्रश्न समोर आहे; उत्तर झाकून तो स्वतःला विचारता येईल.

हे झाकून विचारणं लहानपणी आपण सगळ्यांनी केलंय. पुस्तक मिटून पाढे म्हणायचो, आई चुका काढायची. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आपली गडबड इथेच होते. पाचव्या मिनिटाला जे येतं त्यालाच आपण अभ्यास झाला म्हणतो.

मग कागद बरा की फोन? हा प्रश्न मला दर शाळेत विचारतात, आणि विचारणाऱ्या पालकांना उत्तर आधीच ठरलेलं हवं असतं. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर यांचा एक अभ्यास बराच गाजला: लॅपटॉपवर टिपणं घेणारे वक्त्याचं बोलणं शब्दशः उतरवतात, हातानं लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, म्हणून ते गाळतात, आपल्या शब्दांत आणतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत बरे ठरतात. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दशः उतरवण्याची खोड पुन्हा दिसली, पण परीक्षेतला फरक तितका ठामपणे दिसला नाही. म्हणून हातानं लिहिलं की आपोआप डोक्यात जातं, अशी शपथ मी घेणार नाही. वहीतही न कळता उतरवता येतं. आम्ही मास्तर लोकांनी फळ्यावरून वर्षानुवर्षं तेच करून घेतलंय.

पोरांचा आग्रह आहे की ॲपची नावं सांगा. सांगतो, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. गूगल कीप २०१३पासून आहे, छोट्या चिठ्ठ्यांना आणि आठवण करून द्यायला चांगलं. मायक्रोसॉफ्टचं वननोट २००३पासूनचं. वही, वहीत विभाग, विभागात पानं, अशी रचना, लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्याला सोयीची. नोशनमध्ये सुंदर तक्ते होतात; तक्ते सजवता सजवता परीक्षा निघून गेली, असे दोन विद्यार्थी माझ्या पाहण्यात आहेत. ऑब्सिडियन २०२०चं, ते नोंदी साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच फोनमध्ये ठेवतं. हे का महत्त्वाचं, ते पुढे येईल. पाठांतरासाठी अँकी, जे येत नाही ते लवकर पुन्हा विचारतं, येतं ते लांबणीवर टाकतं.

पण मी जिथे जिथे पाहतो तिथे खरं चालणारं नोट्सचं ॲप यांतलं एकही नसतं. ते असतं व्हॉट्सॲपवरचा एकट्याचा ग्रुप. भावाला घेऊन ग्रुप काढायचा, मग भावाला काढून टाकायचं, उरलो आपण. त्यात बी-बियाण्याची पावती, बँकेचा आयएफएससी, सासूच्या गोळ्यांचा फोटो, पोलीस भरतीची जाहिरात, सगळं. २०२२च्या अखेरीस कंपनीनंच स्वतःला संदेश पाठवायची सोय दिली, पण त्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपली वाट काढली होती. मी या पद्धतीला हसत नाही. टाकायला दोन सेकंद लागतात आणि उद्या फोन बदलला तरी ॲप तेच असतं. तिची अडचण वेगळीच आहे, आणि ती समजायला आमच्या अंबाजोगाईत यावं लागेल.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १६१५ साली गेले. त्यांनी एवढं लिहिलं की रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. एकट्या गीतार्णवाच्याच सव्वा लाख ओव्या सांगतात. आणि वेदान्तातल्या पंचीकरणावरचं एक प्रकरण त्यांनी चक्क पासोडीवर, पांघरायच्या जाड कापडावर लिहिलं. सुमारे २४ हात लांब, अडीच हात रुंद, ओव्यांच्या जोडीला आकृत्या. मी ती पाहिली तेव्हा आधी भारावलो आणि मग मास्तरच्या जातीला शोभेल असा विचार मनात आला, की यातली मधली ओवी हवी असेल तर काय करायचं? उलगडत जायचं. दुसरा मार्ग नाही. एकट्याचा व्हॉट्सॲप ग्रुप ही अशीच पासोडी आहे. टाकलेलं सगळं तिथेच असतं, आणि गेल्या दिवाळीतली पावती हवी झाली की अंगठा दुखेपर्यंत वर सरकवत राहायचं.

दासोपंतांकडे निदान आकृत्या होत्या. आपल्या पासोडीवर "गुड मॉर्निंग"ही असतं.

सापडण्याचं शास्त्र पाहायचं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावं. १९४८ साली तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू झालं. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून शब्दागणिक चिठ्ठ्या केल्या: शब्द, तो कुठे आला, कोणत्या अर्थानं. त्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. लोखंडी कपाटं, कपाटांना लहान लहान खण, खणांत अकारविल्हे लावलेल्या चिठ्ठ्या. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. जर्मनीतल्या निकलास लूमान या समाजशास्त्रज्ञाची नव्वद हजार चिठ्ठ्यांची पेटी आजकाल इंटरनेटवर भलतीच लोकप्रिय आहे, तिच्यावरून ॲपं निघालीत. असू द्या. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक आणि तिथून दुसऱ्या चिठ्ठीकडे बोट, ही त्याची युक्ती खरोखर चांगली होती. पण आपल्या दारात एक कोटी चिठ्ठ्या आहेत, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

तिथली चिठ्ठी पाहिली तर एका चिठ्ठीवर एकच शब्द. फोनमध्येही एका नोंदीत एकच गोष्ट ठेवा. "शेती" नावाची एकच मोठी नोंद केली तर सहा महिन्यांत तिची पासोडी होते. "विहिरीची मोटर, दुरुस्ती" ही वेगळी, "कापूस, कोणतं बी, कधी" ही वेगळी.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे, आणि तो ॲप बनवणाऱ्यांच्या गावीही नसतो. एकच माणूस एक दिवस "पीक विमा" लिहितो, दुसऱ्या दिवशी "पिकविमा", आणि घाईत असला की इंग्रजी कीबोर्डवर पी-आय-के व्ही-आय-एम-ए. फोनला हे तीन वेगळे शब्द. एकानं शोधलं तर दुसरे दोन सापडत नाहीत. "विहीर" आणि "विहिर"चीही तीच गत. यावर उपाय गुरुजींच्या समासात आहे. त्यांनी विषयाला एक शब्द ठरवला आणि आयुष्यभर तोच वापरला. तुम्हीही वीसेक शब्द ठरवा, कुठल्या लिपीत लिहायचे ते ठरवा, आणि प्रत्येक नोंदीत त्यांतला एक तरी टाका. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोला. गूगलनं २०१७ साली मराठीत बोलून लिहायची सोय आणली. आपल्या बोलीतल्या "व्हतं"चं ती "होतं" करते किंवा काहीच्या बाही करते, तेवढं बघून घ्यावं लागतं.

आता माझी फजिती. दासोपंतांच्या शब्दांची टिपणं मी तीन वर्षं फोनमध्ये करत होतो. कुठल्या ॲपात, ते नाव घेत नाही. चूक माझी होती. नोंदी फक्त त्या फोनमध्येच आहेत, दुसरीकडे कुठेही जात नाहीत, हे मी कधी तपासलंच नाही. एका प्रवासात फोन गेला. सिमकार्ड परत मिळालं, नंबर परत मिळाले, टिपणं गेली. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मग एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि आठवेल ते लिहायला लागलो. गंमत बघा. जे शब्द मी वर्गात शिकवले होते, ज्यांच्यावर कुणाशी तरी भांडलो होतो, ते बहुतेक सगळे परत आले. जे नुसते छापील कोशातून उचलून चिकटवले होते, त्यांतला एकही आला नाही. ते माझ्याकडे कधी नव्हतेच. फोनकडे होते.

त्या रविवारी मला म्हाइंभटांची आठवण झाली. चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करायचं काम त्यांनी हाती घेतलं, ऋद्धिपूरला नागदेवाचार्यांना विचारून विचारून. तेवढ्यावर न थांबता ज्यांच्यासमोर ती गोष्ट घडली त्यांना गाठून खातरजमा केली. शके १२००च्या सुमाराला, म्हणजे १२७८च्या आसपास, लीळाचरित्र आकाराला आलं. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. आज आपण लीळाचरित्र वाचतो ते महानुभाव पंथातल्या माणसांनी आठवणीतून पुन्हा उभं केलेलं. आठवणी वेगवेगळ्या होत्या, म्हणून पाठही वेगवेगळे झाले, आणि कुणाचं म्हणणं निराळं असेल तर त्याच्या नावानिशी तेही लिहून ठेवलं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ आपल्याला मिळाला तो माणसांनी तो अंगी मुरवला होता म्हणून.

लीळाचरित्र पुन्हा उभं करणाऱ्या हिराइसा, रामेश्वरबास यांच्यासारखी माणसं मला काही लाभली नाहीत. मी आता महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या नोंदींची एक प्रत काढून पेन ड्राइव्हमध्ये ठेवतो. वीस मिनिटांचं काम आहे. तुम्हीही करा.

प्रत काढता येते का, हे ॲप घेतानाच बघायचं असतं. एव्हरनोट २००८ साली सुरू झालं तेव्हा सगळं काही आयुष्यभर लक्षात ठेवणारं ॲप म्हणून त्याचा बोलबाला होता. मग कंपनीची मालकी बदलली, आणि २०२३च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना मर्यादा आली: एक वही, ५० नोंदी. दहा दहा वर्षं लिहिणारे लोक दुसरं घर शोधायला लागले. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तिचा तो धंदा आहे. पण साध्या मजकुराच्या फाइली ज्यांच्याजवळ होत्या त्यांनी नुसतं बिऱ्हाड हलवलं.

लिहिलेलं हातात असून वाचता न येणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दप्तर उर्दूत, गावचे कागद मोडीत. २०२३च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली जुनी बासनं सुटली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच, की कागद होते, शाई शाबूत होती, आणि मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागत होतं. शंभर वर्षांपूर्वी पाटील-पटवाऱ्याला जी लिपी हाताचा मळ होती, ती त्याच्या पणतवाला रेघोट्या दिसत होती. आणि पणतू तरी काय करतोय? वीस वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानात कृतिदेवात किंवा श्रीलिपीत टाइप करून घेतलेला मजकूर आज फोनवर उघडून बघा. तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आपली दुसरी मोडी वीस वर्षांत झाली. म्हणून मराठीत लिहायचं ते युनिकोडमध्येच, आणि कुठल्याही ॲपात उघडेल अशा साध्या मजकुरात.

रोजच्या व्यवहाराचं थोडं बोलतो, कारण इथे बसलेले सगळेच परीक्षा देणारे नाहीत. ई-पीक पाहणी २०२१च्या १५ ऑगस्टला राज्यभर आली, तेव्हापासून शेतकऱ्याच्या हातात नोंदीचं एक ॲप आलंच आहे. पण ती नोंद सरकारसाठी. आपल्यासाठी कोणती? घरात बीपीची गोळी कुणाला, किती, कधी बदलली. गॅसचा नंबर. पोराच्या शाळेच्या बोनाफाइडला काय काय लागलं होतं, म्हणजे पुढच्या वर्षी तीन खेपा वाचतील. आणि एटीएमचा पिन, आधारचा फोटो हे उघड्या नोंदीत ठेवू नका. आपल्याकडे एक फोन चार हातांत फिरतो. ज्या ॲपात नोंदीला कुलूप घालता येतं तिथे ठेवा, नाहीतर ठेवूच नका.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद ऊसतोडीची. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला जातात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या डायरीत लिहिलेली असते. किती दिली, कधी दिली, मागच्या साली किती फिटली, सगळं त्याच्याकडे. ज्यानं अंगावर घेतली त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, आठवण सोडून. फोन मात्र असतो. उचल हातात पडली त्या दिवशी, तिथेच, तीन गोष्टी: रक्कम, तारीख, समोर कोण होतं. चिठ्ठी दिली तर तिचा फोटो. टाइप येत नसेल तर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. दर पंधरवड्याला किती टन तुटला, तेही. फडावर रेंज नसते, म्हणून रेंजशिवाय उघडेल अशा ॲपात. पोरींनो, तुम्ही स्पर्धा परीक्षेचे तक्ते करता, त्यातला एक तक्ता आईबापासाठी करून द्या आणि त्यांना तो उघडायला शिकवा.

गुरुजींनी असा एक तक्ता केलेला आहे, वहीच्या शेवटाकडे. समासात शब्द लिहिलाय "कोयता". त्या वर्षी वर्गातली कोणती पोरं आईबापाबरोबर गेली, कोण आजीपाशी राहिलं, कोण पाडव्याला परत आलं. तक्त्याच्या वर त्यांनी शब्दाचा अर्थ लिहून ठेवलाय, जणू परगावच्या कुणाला समजावा म्हणून: "एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल कोयत्यावर मिळते."

समोरच्या उजव्या पानावर दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. पहिलीखाली लिहिलंय: "एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादमाला विचारलं." दुसरी तारीख चार वर्षांनंतरची. तिच्याखाली वर्गातल्या एका मुलीचं नाव आहे, ते मी वाचत नाही, आणि त्यापुढे: "हिचा बाप गेला. आई एकटी जाते आहे. दोन लेकरं बरोबर, दोन्ही मोळ्या बांधतात. मग कोयते किती? विचारणे."